नकाराच्या पायऱ्या : एस्पेरांतो भाषेतील ‘नाही’चा विचार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की महागाई, बोनस, कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही व्याकरणावर बोलणार आहोत. आणि तेही कोणा एका देशाच्या भाषेच्या नव्हे, तर एका माणसाने जाणूनबुजून रचलेल्या भाषेच्या. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि करारांच्या मसुद्यांवर बोट ठेवून. तेव्हा पंडितांनी आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. व्याकरणाची गोडी आम्हांला लागली ती एका शब्दामुळे, आणि तो शब्द म्हणजे ‘नाही’.

संघटनेच्या कामात जितके तंटे आम्ही पाहिले, त्यांतले पुष्कळसे या एका शब्दापाशी येऊन अडतात. कामगार म्हणतो, थकबाकी दिली नाही. व्यवस्थापन म्हणते, हिशेब चालू आहे, दिली नाही असे कसे म्हणता? मुकादम लिहून देतो, अमुक इसम काम करत नव्हता. तो इसम म्हणतो, साहेब, त्या घटकेला यंत्रावर माल नव्हता, म्हणून उभा होतो. वीस वर्षे काम केले, त्याचे काय? दोन्ही पक्ष ‘नाही’ या शब्दावर हातघाईला येतात. पण ‘नाही’ हे नेमके कशाला लागू आहे, कामाच्या आरंभाला, चालू असण्याला, की पुरे होण्याला, हे फारसे कोणी विचारीत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. एस्पेरांतो भाषा आम्ही त्यासाठी घेतली, कारण घड्याळाचे झाकण उघडून आतली चाके दाखवावीत, तसा हा व्यवहार त्या भाषेत उघडा दिसतो.

प्रथम या भाषेची थोडी ओळख करून देतो. डॉ. लुडविक झामेनहोफ यांचा जन्म १८५९ साली ब्यालिस्टोक या गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. गावात ज्यू, पोलिश, रशियन, जर्मन अशा निरनिराळ्या भाषांचे लोक एकमेकांशी तुटून राहत. झामेनहोफ पुढे डोळ्यांचे डॉक्टर झाले, आणि १८८७ साली वॉर्सा येथे त्यांनी आपल्या भाषेचे पहिले पुस्तक रशियनमधून छापले. पुस्तकावर स्वतःचे नाव न घालता ‘डॉक्टर एस्पेरांतो’ असे टोपणनाव घातले. ‘एस्पेर’ म्हणजे आशा करणे. त्याला ‘आंत’ हा प्रत्यय लावला की ‘आशा करीत असलेला’ असा अर्थ होतो, आणि शेवटचा ‘ओ’ त्याचे नाम करतो. पुढे लोकांनी भाषेलाच ते नाव दिले. म्हणजे या भाषेचे नावच मुळी क्रियेची एक अवस्था सांगते. आशा करून संपलेली नाही, करावयाची राहिलेली नाही. करणे चालू आहे.

आता ही अवस्था म्हणजे काय? काळ आणि अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘काल’, ‘आज’, ‘उद्या’ हा काळ झाला. पण कालचीच गोष्ट सांगताना ‘तो पत्र लिहीत होता’ आणि ‘त्याने पत्र लिहिले होते’ या दोन वाक्यांत फरक आहे. काळ दोन्हींत भूतच. एकात काम मध्यावर आहे, दुसऱ्यात ते पुरे झालेले आहे. क्रिया आरंभाला आहे, मध्याला आहे, की शेवटाला पोचली, ही तिची अवस्था.

एस्पेरांतोत काळ सांगणारे प्रत्यय अगदी थोडे आहेत. ‘लाबोरास’ म्हणजे काम करतो, ‘लाबोरीस’ म्हणजे काम केले, ‘लाबोरोस’ म्हणजे काम करील. या साध्या रूपांत अवस्था सांगितलेली नसते. ‘लाबोरीस’ म्हणजे काम करीत होता असेही होईल, काम केले असेही होईल. अवस्था सांगावयाची झाली तर वेगळा तुकडा जोडावा लागतो. धातूच्या आधी ‘एक’ जोडले की आरंभ : ‘एकलाबोरीस’, कामाला लागला. आपल्याकडे मोजणीचा आरंभ एकापासून, तेव्हा हे ध्यानात ठेवणे मराठी माणसाला सोपे आहे. धातूच्या मागे ‘आद’ जोडले की चालत राहणे : ‘लाबोरादीस’, काम करीत राहिला. पुढे ‘फीन’ जोडले की शेवट : ‘फीनलाबोरीस’, काम पुरे केले. शिवाय धातुसाधिते आहेत. ‘लाबोरांता’ म्हणजे काम करीत असलेला, ‘लाबोरींता’ म्हणजे काम करून झालेला, ‘लाबोरोंता’ म्हणजे काम करण्याच्या बेतात असलेला. कर्मणी अर्थासाठी त्यांतला अनुस्वार काढावयाचा, की ‘आता’, ‘ईता’, ‘ओता’ अशी रूपे होतात.

आणि नकार? त्यासाठी एकच शब्द आहे, ‘ने’. तो बदलत नाही, त्याला लिंग नाही, वचन नाही, काळ नाही. ज्या शब्दाला नाकारावयाचे, त्याच्या आधी तो ठेवावयाचा.

आपल्या मराठीचा संसार याच्या अगदी उलट आहे. आपल्याकडे नकाराचे मोठे गोत आहे : नाही, नाहीत, नव्हता, नसतो, नसे, नसेल, नये, नको, आणि या सर्वांचा वडील तो ‘न’. इतके भरलेले घर असूनही एका ठिकाणी आपली अडचण होते. ‘मी गिरणीत काम करतो’ आणि ‘मी या घटकेला काम करीत आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात माझा धंदा सांगितला, दुसऱ्यात माझे हात आत्ता कशात गुंतले आहेत ते सांगितले. आता दोन्हींना नकार द्या. दोन्हींचे एकच होते : ‘मी काम करत नाही.’ बोलताना आपण ‘करत नाहीये’ असे म्हणून थोडी सोडवणूक करून घेतो, पण लेखी कागदावर ते रूप सहसा येत नाही. तसेच ‘काम केले’ आणि ‘काम केले आहे’ या दोहोंचा नकार ‘काम केले नाही’. होकारात जे दोन दरवाजे होते, त्यांतला एक नकारात बंद होतो. भूतकाळात ‘करीत नसे’ आणि ‘करीत नव्हता’ हा भेद आपल्याकडे आहे. नेहमीची सवय पहिल्याने नाकारावी, त्या वेळची गोष्ट दुसऱ्याने. पण चौकशीच्या कागदावर ‘काम करत नव्हता’ एवढेच येते. मग ते एका घटकेबद्दल आहे, की माणसाच्या साऱ्या वर्तनाबद्दल, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहते. माणसाची नोकरी जाते ती पुष्कळदा या मर्जीत.

हा दोष एकट्या मराठीचा मुळीच नव्हे. होकारात जितके भेद होतात तितके नकारात होत नाहीत, असे जगातल्या पुष्कळ भाषांत आढळते. झामेनहोफ यांना लहानपणापासून येणाऱ्या रशियनमध्ये तर आणखी निराळा प्रकार आहे. त्या भाषेत प्रत्येक क्रियापद बहुधा जोडीने असते, एक पुरी झालेली क्रिया सांगणारे आणि दुसरे क्रियेच्या चालण्याकडे पाहणारे. ‘दार उघड’ अशी एकदाची आज्ञा करताना पहिले वापरतात. पण ‘दार उघडू नकोस’ म्हणताना नेहमी दुसऱ्याकडे वळतात. ‘सांभाळ, पडशील हं’ अशा अर्थाने ‘पडू नकोस’ म्हणावयाचे असेल, तर मात्र पुन्हा पहिले. नकार आला की क्रियापदाने आपली जागा बदलावयाची. एस्पेरांतोत असे काही होत नाही. होकारात जे रूप असेल ते जसेच्या तसे राहते, आणि ‘ने’ येऊन शेजारी बसतो. म्हणून त्या भाषेत नकार काय खातो आणि काय शिल्लक ठेवतो, हे नीट तपासता येते.

ते आता तपासू. चार वाक्ये घ्या. ‘ने एकलाबोरीस’ : कामाला लागलाच नाही. ‘ने लाबोरीस’ : काम केले नाही. ‘ने लाबोरादीस’ : काम करीत राहिला नाही. ‘ने फीनलाबोरीस’ : काम पुरे केले नाही. पहिल्या वाक्यात सारेच नाकारले गेले. जो कामाला लागलाच नाही, तो करीत राहील कसा आणि पुरे करील कसा? चौथ्या वाक्यात मात्र फक्त शेवट नाकारला. तो कामाला लागला होता की नाही, अर्धे केले होते की बारा आणे केले होते, याबद्दल ते वाक्य अक्षर बोलत नाही. ऐकणारा मनाशी धरून चालतो की काम सुरू तरी झाले असावे. तिसऱ्या वाक्यात सातत्य नाकारले. मधून मधून काम केले असेल, त्याला त्या नकाराचा धक्का लागत नाही. दुसरे वाक्य सैल आहे. त्याचा अर्थ प्रसंगावरून काढावा लागतो, जसा आपल्या ‘काम केले नाही’चा.

यातून एक नियम हाती येतो, आणि आम्हांला वाटते की तो घरी घेऊन जाण्याजोगा आहे. क्रिया हा एक जिना समजा. खालची पायरी आरंभाची, मधली चालू असण्याची, वरची पूर्ततेची. होकार वरून खाली उतरतो. ‘पुरे केले’ असे मान्य झाले की ‘सुरू केले’ हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. नकार मात्र खालून वर चढतो. ‘सुरू केले नाही’ असे ठरले की वरच्या साऱ्या पायऱ्या आपोआप नाकारल्या जातात. पण ‘पुरे केले नाही’ असे ठरले, तर खालच्या पायऱ्यांना काही बाध येत नाही. म्हणून ज्याला दुसऱ्याचे श्रम बुडवावयाचे असतात, तो वरच्या पायरीवरचा खरा नकार उच्चारतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात खालच्या पायरीचा खोटा नकार उतरवतो. ‘उत्पादनाचे ठरलेले प्रमाण पुरे केले नाही’ असे खरे बोलावयाचे, आणि ‘काम केले नाही’ असा ग्रह करून द्यावयाचा. यात एकही शब्द खोटा नसतो, आणि तरीही माणूस नागवला जातो.

आता कर्मणी रूपांकडे येऊ. खरी गंमत तिथे आहे. एस्पेरांतोत पैसे देणे, चुकते करणे याला ‘पागी’ म्हणतात. आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून मराठीत आला, आणि तो पोर्तुगीज शब्द व एस्पेरांतोचा हा धातू एकाच लॅटिन मुळाचे. म्हणजे हा शब्द आपल्याला परका नाही. वेतनाला म्हणतात ‘सालायरो’. तीन वाक्ये पाहा. ‘ला सालायरो ने एस्तास पागीता’ : पगार दिलेला नाही. ‘ला सालायरो ने एस्तास पागाता’ : पगार देणे चालू नाही. ‘ला सालायरो ने एस्तास पागोता’ : पगार दिला जाणार नाही. फरक एका स्वराचा आहे, ई, आ आणि ओ. नकार तिन्हींत तोच, ‘ने’. पण पहिल्यात देणे पुरे झालेले नाही एवढेच सांगितले. ते होणार नाही असे म्हटले नाही. कामगाराच्या बाजूने पाहिले तर थकबाकी मागण्याची वाट तिथे मोकळी राहते. दुसऱ्यात या घटकेची स्थिती आहे; कालचे देऊन झाले असेल, उद्याचे देणार असतील. तिसऱ्यात पुढचे दार लावून घेतले. याखेरीज ‘पागेंदा’ असे एक रूप आहे, दिलेच पाहिजे असे, म्हणजे देणे लागते ते. ‘ने पागेंदा’ म्हटले की देणेच लागत नाही.

करारावर सही करणाऱ्या प्रत्येक माणसाने हे चार नकार ओळखावेत असे आम्हांला वाटते. ‘दिला नाही’, ‘दिला जात नाही’, ‘दिला जाणार नाही’ आणि ‘देणे लागत नाही’ हे मराठीतही वेगळे आहेत. पण बोलताना आपण त्यांचे कडबोळे करतो, आणि कागदावर लिहिणारा त्यांतला आपल्या सोयीचा उचलतो.

नकाराचा दुसरा एक प्रकार या भाषेत आहे. ‘ने’ फक्त नाकारतो. ‘माल’ हा उपसर्ग उलट करतो. आपल्या मालाशी, म्हणजे कापडाच्या गाठींशी, त्याचा संबंध नाही. ‘फेरमी’ म्हणजे बंद करणे, ‘मालफेरमी’ म्हणजे उघडणे. कारखान्याच्या गेटाला म्हणू ‘पोर्देगो’. टाळेबंदीच्या बातम्या येत आहेत आणि लोक विचारीत आहेत, गेट कसे आहे? ‘ने एस्तास फेरमाता’ : बंद करण्याचे काम चालू नाही. ‘ने एस्तास फेरमीता’ : ते बंद केलेल्या स्थितीत नाही. ‘एस्तास मालफेरमीता’ : ते उघडलेले आहे. पहिला निरोप ऐकून निश्चिंत होणारा माणूस फसेल. कारण गेट रात्रीच बंद केलेले असले, तरी सकाळी ‘बंद करण्याचे काम चालू नाही’ हे अगदी खरेच आहे. तिसऱ्या निरोपात कोणीतरी हात लावून दार उघडल्याची खूण आहे. तसेच ‘ने एस्पेरी’ म्हणजे आशा न करणे, आणि ‘मालएस्पेरी’ म्हणजे निराश होणे. ज्याने एखाद्या गोष्टीची आशाच धरली नव्हती, त्याला निराश म्हणता येत नाही. निराशेला आधी आशा लागते. न होणे वेगळे आणि झालेले उलटणे वेगळे. हा भेद या भाषेने एका उपसर्गात बांधून ठेवला आहे.

याच्या जोडीला दोन लहान शब्दसमूह आहेत. ‘अंकोराऊ ने’ म्हणजे अजून नाही. ‘ने प्लू’ म्हणजे आता यापुढे नाही. या घटकेपुरते पाहिले तर दोन्हींत क्रिया नाही. पण पहिल्यात ती पुढे यावयाची आहे, दुसऱ्यात ती मागे होऊन गेली. दारिद्र्याची गोष्ट काढली म्हणजे हा फरक पोटाला कळतो. ‘अजून काम मिळाले नाही’ म्हणणारा तरुण आणि ‘आता काम राहिले नाही’ म्हणणारा पन्नाशीचा माणूस, दोघांची नावे बेकारांच्या एकाच यादीत असतात.

येथे मुंबईची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. मग तो संप चालू आहे काय? गिरण्या गेल्या, त्या जागी मनोरे उभे राहिले, डॉ. सामंत यांची १९९७ साली हत्या झाली. चालू आहे असे कोण म्हणेल? एस्पेरांतोत हे दोन नकार शेजारी शेजारी ठेवता येतात. ‘ने प्लू दाऊरास’, आता चालू नाही; आणि ‘ने एस्तास फीनीता’, संपवलेला नाही. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी. एका नकाराने चालू अवस्था गेली, दुसऱ्या नकाराने पूर्ततेची अवस्था गेली, आणि मधल्या मोकळ्या जागेत लाखो संसार उभे राहिले. ज्या भाषेत एकच ‘नाही’ आहे, त्या भाषेतही ही जागा दाखवता येते, कारण नकार एकच असला तरी पायऱ्या वेगळ्या लिहिल्या आहेत.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल, ही तर गणितासारखी निर्मळ भाषा दिसते. तिच्यात भांडण होण्याचे कारण काय? श्रोतेहो, भांडण झाले, आणि चांगले जोरात झाले. वाद होता ‘आता’ आणि ‘ईता’ या दोन कर्मणी प्रत्ययांचा. ‘काल गेट बंद करण्यात आले’ हे सांगताना ‘एस्तीस फेरमीता’ म्हणावे, की ‘एस्तीस फेरमाता’? एक पक्ष म्हणे, प्रत्यय अवस्था सांगतात. बंद करणे पुरे झाले, म्हणून ‘ईता’. दुसरा पक्ष म्हणे, प्रत्यय काळाचा संबंध सांगतात. ज्या काळाबद्दल बोलतो त्याच काळी ती क्रिया घडली, म्हणून ‘आता’. दुसऱ्या मताचा जोर जर्मन कुळातल्या भाषा बोलणाऱ्यांत विशेष होता. त्याला कारणही आहे. जर्मनमध्ये ‘बंद केले जाते’ आणि ‘बंद केलेले आहे’ यांसाठी दोन निरनिराळी साहाय्यक क्रियापदे आहेत, आणि माणूस नव्या घरात जाताना जुन्या घरातली मांडणी बरोबर घेऊन जातो. पहिल्या मताच्या बाजूला ‘संपूर्ण व्याकरण’ या १९३५ सालच्या ग्रंथाचे कर्ते होते, हंगेरीचे डॉ. कालोचाय आणि फ्रान्सचे वारँग्यँ.

होकारापुरता हा वाद पंडिती वाटेल. नकार घातला की त्याचे दात दिसतात. ‘ला पोर्देगो ने एस्तीस फेरमाता.’ पहिल्या पक्षाचा माणूस हे वाचील : गेट बंद करण्याचे काम चालू नव्हते. दुसऱ्या पक्षाचा माणूस वाचू शकेल : गेट बंद करण्यात आले नाही. गेट पहाटेच बंद झालेले असेल, तर दुपारबद्दलचे हे वाक्य पहिल्याच्या कानी खरे आणि दुसऱ्याच्या कानी खोटे. एक वाक्य, दोन शपथा. शेवटी एस्पेरांतोच्या अकादमीने १९६७ साली निर्णय दिला, की झामेनहोफ यांचा स्वतःचा वापर प्रमाण मानावा. म्हणजे ‘आता’ने चालू असणे सांगावे आणि ‘ईता’ने पुरे होणे. पहिले पुस्तक निघाल्यापासून हा निकाल लागेपर्यंत ऐंशी वर्षे गेली होती.

आम्हांला या इतिहासात मोठा बोध दिसतो. भाषा रचणाऱ्याने तुकडे कितीही नीट कापले, तरी त्यांचा अर्थ बोलणाऱ्यांच्या सहमतीने ठरतो. शब्द हाही एक करारच आहे. त्याची कलमे वाचून घ्यावी लागतात, वाद झाला तर बसून मिटवावा लागतो, आणि मिटल्यावर सर्वांनी तो पाळावा लागतो. संघटनेच्या माणसाला हे कोणी निराळे शिकवावयास नको.

या भाषेचा आणि कामगार चळवळीचा संबंध जुना आहे. १९२१ साली प्राग येथे कामगारांची एक एस्पेरांतो संघटना स्थापन झाली. राष्ट्रांच्या सीमा न मानणारी, अशा अर्थाचे तिचे नाव. तिचा प्रमुख संस्थापक युजेन आदम हा फ्रेंच गृहस्थ ‘लांती’ या नावाने ओळखला जाई. फ्रेंचमध्ये विरोध करणारा, या अर्थाच्या शब्दांवरून ते नाव घेतलेले. म्हणजे नकारच मूर्तिमंत! याच संघटनेने १९३० साली एस्पेरांतोचा मोठा कोश प्रसिद्ध केला. कामगारांच्या संस्थेने कोश काढावा, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही मोर्चाहून लहान वाटत नाही.

पण स्पष्ट बोलण्याचे साधन हाती आले म्हणून माणसे वाचतातच, असे मात्र नाही. १९३३ साली जर्मनीत नाझींनी कामगारांच्या एस्पेरांतो संघटनेवर बंदी घातली. रशियात स्टालिनच्या राजवटीत १९३७ साली तेथील चळवळीचे पुढारी एर्न्स्ट द्रेझेन यांना गोळी घालण्यात आली. झामेनहोफ १९१७ साली वारले होते. त्यांची तिन्ही मुले, अदाम, झोफिया आणि लिदिया, नाझींच्या हातून मारली गेली. तेव्हा व्याकरणाने जग सुधारते असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. चांगली कानस हातात असली म्हणजे लोखंड आपोआप घासले जात नाही. घासणारा हात लागतो.

आणखी एक उदाहरण देऊन आवरते घेतो. झामेनहोफ यांच्या भाषेचा पाया म्हणून १९०५ साली जो ग्रंथ मान्य झाला, त्यात शिकणाऱ्यांसाठी धडे आहेत. त्यांतल्या एका धड्यात एका काकांच्या मृत्यूची हकीकत येते. ते नैसर्गिक मरणाने गेले नाहीत, त्यांनी आत्महत्या केली नाही, आणि कोणी त्यांना मारलेही नाही. रुळांच्या कडेने चालताना ते पडून आगगाडीच्या चाकांखाली आले. प्रत्ययांचा सराव व्हावा एवढाच त्या धड्याचा हेतू. मरणे, मारणे आणि मरण येणे ही तीन रूपे एकाच धातूची, आणि एकेक नाकारून शेवटचे तेवढे ठेवावयाचे. मुलांच्या धड्यातली ही गोष्ट वाचताना आम्हांला मात्र कारखान्यांतल्या अपघातांचे पंचनामे आठवले. तेथेही असेच लिहिलेले असते : कोणी मारले नाही, त्याने जीव दिला नाही, मृत्यू घडला. ‘कोणी मारले नाही’ हे खरेच असते. पण यंत्राला जाळी बसवलेली नव्हती, की बसवून काढली होती, की बसवावयाचे ठरून अजून बसवली नव्हती? हे तीन नकार तेथे कोणी लिहीत नाही, आणि विधवेला भरपाई मिळावयाची की नाही ते पुष्कळदा या तिहींवरच ठरते.

तेव्हा आपण सर्वांनी एस्पेरांतो शिकावी असा आमचा आग्रह नाही. ज्याला हौस असेल त्याने जरूर शिकावी; तिचे व्याकरण थोडे आहे. आमचे मागणे त्याहून लहान आहे. यापुढे कोणी आपणांपुढे ‘नाही’ असे लिहिलेला कागद ठेवला, मग तो कचेरीतला असो, बँकेतला असो, वा घरमालकाचा असो, तर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. सुरू झाले नाही, की चालू नाही, की पुरे झाले नाही? विचारल्यावर उत्तर तोंडी घेऊ नये, कागदावर घ्यावे. मराठीत त्यासाठी शब्द कमी नाहीत. ‘दिले नाही’च्या जागी ‘दिलेले नाही, देणे बाकी आहे’ एवढे चार शब्द अधिक लिहिण्यास शाई फार लागत नाही. ते लिहावयास समोरचा माणूस कां कू करू लागला, तर तो कोणती पायरी लपवीत आहे ते तेथल्या तेथे कळते.